ओपीडीतला पिणारा पेशंट: विचारण्यापासून फॉलोअपपर्यंत

"दारू पितो, सोडवा" असं म्हणत पेशंट आपल्याकडे क्वचितच येतो. तो पित्ताची गोळी मागायला येतो. दोन औषधं चालू असूनही त्याचा बीपी उतरत नाही. सोमवारी सकाळी त्याला सिक सर्टिफिकेट हवं असतं. मोटरसायकलवरून पडून कोपर सोलून येतो, झोप लागत नाही म्हणतो, नाहीतर टीबीच्या गोळ्या मध्येच सोडतो. आपण पित्ताची गोळी देतो, बीपीची तिसरी गोळी वाढवतो, ड्रेसिंग करतो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावतो.

एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचे आकडे २०१९ साली आले. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो, असं त्यात दिसलं. उरलेले ३७ जण आपल्याच बाकड्यावर बसलेले असतात, वेगळ्या तक्रारीसाठी.

हा लेख प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी आणि तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की दारूच्या बहुतेक पेशंटांना व्यसनमुक्ती केंद्राची गरज नसते. त्यांना आपली दहा मिनिटं आणि पुढची तारीख लागते. हे शेजारच्या गोव्यात तपासूनही झालं आहे. 'संगथ' या संस्थेने तिथल्या दहा आरोग्य केंद्रांत पावणेचारशेच्या आसपास पुरुषांवर चाचणी घेतली. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. प्रत्येक पेशंटशी एक ते चार बैठका झाल्या, त्याही अर्ध्या-पाऊण तासाच्या. वर्षभरानंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के लोक धोक्याच्या पातळीखाली आले होते. नुसत्या नेहमीच्या उपचारावर असलेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होतं. त्यासाठी ना पलंग लागले ना कुलूप.

१. सगळ्यांना विचारा, एकट्याला विचारा

चेहऱ्यावरून अंदाज बांधून निवडक लोकांना विचारू नका. डोळे लाल, शर्टाची बटणं खालीवर, तोंडाला वास अशा माणसाला सगळेच विचारतात. इस्त्रीच्या शर्टातल्या गुरुजींना कोणी विचारत नाही. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला, निदान वर्षातून एकदा, विचारायचं. बायकांनाही विचारायचं. त्यांच्यात प्रमाण कमी असलं तरी त्या लपवतात जास्त आणि शरीराला इजा लवकर होते. गरोदर बाईला तर विचारायलाच हवं, कारण तिथे एक घोटही नको.

"दारू वगैरे काही घेत नाही ना?" हा प्रश्न पूर्ण टाळावा. त्यात उत्तर आधीच भरलेलं आहे. त्याऐवजी असं:

"दादा, पित्ताच्या प्रत्येक पेशंटला मी तीन गोष्टी विचारतो. चहा किती, तंबाखू-मिश्री-गुटखा काय, आणि दारू किती. तुमचं सांगा."

चहावरून तंबाखूवर आणि तिथून दारूवर अशा क्रमाने गेलं की कोणी दचकत नाही. उत्तर बहुधा "कधीतरी" असं येतं. "कधीतरी"वर केसपेपर बंद करायचा नाही. "मागची कधी झाली?" "शनिवारी." "त्याच्या आधीची?" "बुधवारी होती, पाहुणे आले होते." मग आकडा मुद्दाम वरचा टाकायचा: "एका बैठकीत हाफ जाते का?" माणूस लगेच दुरुस्त करतो, "छे छे, क्वार्टरच!" खरा आकडा असा खालच्या दिशेने मिळतो. "एखादा पेग घेता का?" असं विचारलं तर एकाच पेगला "हो" मिळतं.

बायको सोबत असेल तर आधी त्याला एकट्याला भेटा. वजन-बीपीच्या निमित्ताने तिला दोन मिनिटं बाहेर बसवता येतं. तिच्यासमोर विचारलं की तो खोटं बोलतो आणि ती रडते. नंतर तिच्याशी वेगळं बोला, तेही त्याला सांगून.

एक अडचण उघड बोलून टाकावी. केसपेपरवर दारू लिहिली तर विम्यात अडचण येईल, नोकरीत कळेल, अपघाताच्या केसमध्ये अडकू, अशी भीती लोकांना असते आणि ती अगदीच खोटी नाही. "हे माझ्या नोंदीत राहील, बाहेर कोणाला सांगणार नाही" असं सांगा आणि तसंच वागा. कंपाउंडरसमोर मोठ्याने "काय, कालची उतरली का?" म्हणणारा डॉक्टर तो पेशंट कायमचा घालवतो.

तीस वर्षांवरच्या लोकांसाठी आशाताई जो सी-बॅक फॉर्म (बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका मोजणारा) भरतात त्यात दारूचा प्रश्न आहे, पण तो "रोज घेता का" असा आहे. दर शनिवारी हाफ संपवणारा तिथे प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो आणि त्याचे गुण शून्य होतात. फॉर्ममध्ये "नाही" असलं तरी आपण पुन्हा विचारायचं.

२. पेगात नको, मिलीमध्ये मोजा

पेगाचं माप घरागणिक बदलतं. बाटलीचं माप ठरलेलं असतं, म्हणून बाटलीने मोजायचं: नव्वदी, क्वार्टर म्हणजे १८० मिली, हाफ म्हणजे ३७५, खंबा म्हणजे ७५०.

सोयीचं एकक १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचं. व्हिस्की, रम, ब्रँडी आणि त्या जातीच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तेवढ्या तीव्रतेच्या ३० मिलीत साधारण १० ग्रॅम, म्हणजे एक युनिट. नव्वदीत तीन युनिटं, क्वार्टरमध्ये सहा, हाफमध्ये साडेबारा. फेणीही याच तीव्रतेची असते. उर्राक बरंच सौम्य, पण ते ग्लास भरभरून प्यायलं जातं. देशीच्या बाटलीवरची टक्केवारी वाचून घ्या.

बिअरची गंमत वेगळी. "दारू सोडली, आता फक्त बिअर" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ६५० मिलीच्या ८ टक्के स्ट्राँग बिअरच्या एका बाटलीत चार युनिटं असतात, नव्वदीपेक्षा जास्त. दोन बाटल्या म्हणजे क्वार्टर आणि वर एक नव्वदी, फक्त थोडी कमी. हे कागदावर मांडून दाखवलं की माणूस खरोखर चकित होतो. त्याला खोटं बोलायचं नसतं, माहीतच नसतं.

हातभट्टी आणि मोहाच्या दारूचं गणित करता येत नाही. तिथे ग्लास किती आणि रोज किती वेळा एवढंच लिहा. आणि एक गोष्ट कायम डोक्यात असू द्या: प्यायल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास आणि "डोळ्यांपुढे धुकं आलंय" अशी तक्रार असेल तर ती मिथेनॉलची विषबाधा समजा. एका वस्तीतून असे दोन पेशंट आले तर तिसऱ्याची वाट बघायची नाही. पाठवण्याची सोय करा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावा. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभरहून जास्त माणसं अशी गेली.

३. आधी तीन प्रश्न, मग दहा

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची यादी आहे. गुण ० ते ४०. गर्दीच्या ओपीडीत सगळ्यांना दहा प्रश्न विचारणं होत नाही, म्हणून पहिले तीनच घ्या: किती वेळा पिता, प्यायला बसलात की किती, आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त युनिटं किती वेळा होतात. प्रत्येकाला ० ते ४ गुण.

दर शनिवारी एक क्वार्टर घेणारा माणूस घ्या, "मी काही बेवडा नाही" म्हणणारा. महिन्यातून चार वेळा, २ गुण. एका वेळी सहा युनिटं, आणखी २. सहा युनिटं दर आठवड्याला, ३. बेरीज ७. पुरुषात ४ आणि स्त्रीत ३ गुण झाले की उरलेले सात प्रश्न विचारायचे असतात. म्हणजे आपला शनिवारवाला रेषेच्या बराच पुढे आहे.

उरलेल्या सातमध्ये सुरू केल्यावर थांबता येतं का, ठरलेलं काम राहून जातं का, सकाळी उठल्यावर लागते का, नंतर मनाला खातं का, आदल्या रात्रीचं आठवत नाही असं होतं का, कोणाला इजा झाली का, आणि घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी कमी कर म्हणून सांगितलं का, हे येतं. एकूण ८ ते १५ म्हणजे धोक्याचं पिणं. १६ ते १९ म्हणजे नुकसान सुरू झालंय. २० आणि वर असेल तर दारूवरचं अवलंबन धरून चाला आणि थेट सहाव्या टप्प्यावर जा.

कागदावरच्या या प्रश्नांपेक्षा माझा भरवसा जास्त आहे तो आपल्या पंचांगावर. "श्रावण पाळता का?" असं विचारा. आपल्याकडे भलेभले पिणारे गटारीला टुन्न होतात आणि श्रावण लागला की महिनाभर बंद करतात. "बंद केलीत की पहिले दोन-तीन दिवस कसे जातात?" यावर "काही नाही, थोडी चुळबुळ होते" म्हणणारा आणि "हात कापतात, घाम फुटतो, रात्रभर डोळा लागत नाही, एकदा फेफरं आलं होतं" म्हणणारा, या दोघांचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. जो श्रावणही पाळू शकत नाही किंवा "आता जमत नाही" म्हणतो, त्याचं निदान त्याने स्वतःच केलं.

४. तपासणी आणि रक्त

यावर फार वेळ घालवू नका. बीपी, नाडी, वजन, हातांचा कंप, डोळ्यांतली कावीळ, पोट आणि पायांवरची सूज, तळपायाची बधिरता बघा. रक्तात जीजीटी हे लिव्हरचं एन्झाइम वाढलेलं, लिव्हरच्याच तपासणीतलं एएसटी हे एएलटीच्या दुपटीवर, एमसीव्ही (लाल पेशींचा आकार) शंभराच्या वर, ट्रायग्लिसराइड चढलेलं, असं दिसलं तर दारूचा संशय बळावतो. पण हे सगळं नॉर्मल असूनही माणूस रोज हाफ पीत असतो. "रिपोर्ट चांगले आहेत" हे वाक्य अशा पेशंटला सांभाळून सांगा. त्याला तो परवाना वाटतो.

औषधांची यादी मात्र नीट बघा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवर असलेला माणूस उपाशीपोटी प्यायला तर साखर घसरते आणि लोक "जास्त झालीय, झोपू द्या" म्हणतात. टीबीच्या गोळ्या आणि दारू मिळून लिव्हर बिघडतं. रोज पिणाऱ्याला पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे नको. मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध दारूचं विचारल्याशिवाय लिहू नका. पस्तिशी-चाळिशीत पहिल्यांदा आकडी आली तर सीटीच्या चिठ्ठीसोबत दारूचाही प्रश्न हवा.

आणि मन खचलंय का, जीव द्यावासा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही. आत्महत्येचा बेत आणि हातात बाटली ही जोडी तातडीची असते.

५. दहा मिनिटांचं बोलणं

ऑडिटचे ८ ते १९ गुण असलेल्यांसाठी हाच उपचार आहे. इथे गोळी नाही.

आधी त्याचा आकडा त्याच्या तक्रारीला जोडा. "लिव्हर खराब होईल, मराल" हे तो गावभर ऐकून आलाय आणि त्याच्या चुलत्याला पिऊनही ऐंशी वर्षं मिळाली आहेत. त्याऐवजी: "काका, तुमचा बीपी १६०. गोळ्या दोन. आठवड्याला तीन क्वार्टर, म्हणजे अठरा युनिटं. एवढ्या दारूवर ही गोळी काम करत नाही. तिसरी गोळी देण्याआधी महिनाभर दारू कमी करून बघू का?" हे त्याला पटतं, कारण तिसरी गोळी त्यालाही नको असते.

मग त्याला बोलू द्या. जमत असेल तर शहरी पेशंटला दहापैकी किती गुण ते विचारा. साठीपुढच्या माणसाला मी आण्यांत विचारतो. "दारू कमी करावी असं रुपयातले किती आणे वाटतं?" "सहा आणे असेल." इथे "फक्त सहा?" असं विचारलं की तो स्वतःचा बचाव करत बसतो. विचारायचं ते असं: "सहा तरी का? दोन आणे का नाही?" मग तो स्वतःच सांगू लागतो. पोरीचं लग्न आहे, बायको माहेरी जाऊन बसली होती, मागच्या वर्षी उचल सगळी त्यातच गेली. ही कारणं त्याच्या तोंडून यायला हवीत. आपण सांगितलेली कारणं दाराबाहेर विसरली जातात.

पैशांचा हिशेब त्याच्याच भावाने करा. रोजचे दीडशे धरले तर महिन्याचे साडेचार हजार, वर्षाचे चौपन्न हजार. चखणा, रिक्षा आणि बुडालेली रोजंदारी वेगळी. बेरीज त्याच्या हाताने करून घ्या, आपण करायची नाही.

त्यानंतर एकच गोष्ट ठरवा, आणि ती मोजता येण्यासारखी हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं की तब्येतीला सुरक्षित असं दारूचं प्रमाणच नाही, त्यामुळे "एवढी चालेल" असं सर्टिफिकेट आपण द्यायचं नाही. पण कमी करायला तयार असलेल्या माणसाला "पूर्ण बंद नाहीतर येऊ नका" म्हणणं हा निव्वळ हट्ट आहे. आठवड्याला तीन बैठकांची एक, क्वार्टरची नव्वदी, हेही मोठं यश आहे. पूर्ण बंदचा आग्रह ज्यांच्यासाठी धरायचा ते वेगळे: लिव्हर किंवा स्वादुपिंडाचा आजार, फेफरं, टीबीचा उपचार, गरोदरपण, आणि ज्यांना अवलंबन आहे ते. गाडी चालवणाऱ्याला ड्यूटीआधी एक थेंबही नको.

घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर इथे उत्तम चालतं. प्यायला त्या तारखेवर मिली लिहायचे, नाही प्यायला तर फुली. पुढच्या भेटीला फोनवर त्याचा फोटो घेऊन या म्हणावं. वहीची अट घातली की वही हरवते.

नाही म्हणायची वाक्यं मात्र तयार करून द्यावी लागतात, कारण खरी अडचण तिथे आहे. चार मित्र पारावर उभे, एक म्हणतो "आज माझ्याकडून", तिथे "मी सोडलीय" म्हणणारा एकटा पडतो. "डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्यात, त्यावर चालत नाही" हे वाक्य चालतं. ते खरंही असतं, आणि त्यात दोष डॉक्टरवर जातो. जाऊ द्या. सहाच्या पुढे परमिट रूमच्या रस्त्याने न येणं, खिशात शंभराच्या वर न ठेवणं, पगाराच्या दिवशी भावाला सोबत नेणं, ओल्या पार्टीत आधी जेवून घेणं, असल्या बारीकसारीक गोष्टी त्याच्याकडूनच काढून घ्या. माळ घातलेले वारकरी गावात असतील तर त्यांच्यात उठबस वाढवावी हेही काहींना जमतं. माळ घातलेल्याला कोणी आग्रह करत नाही. मात्र अवलंबन असलेल्याला माळ घालून दारू एकदम बंद करायला लावू नका. का, ते पुढच्याच टप्प्यात.

६. ज्याला सकाळी लागते त्याला "आजपासून बंद" म्हणू नका

या लेखातला एकच भाग वाचायला वेळ असेल तर हा वाचा. रोज पिणाऱ्या, सकाळी डोळे उघडायला नव्वदी लागणाऱ्या माणसाने दारू एकदम थांबवली तर सहा ते चोवीस तासांत हात कापणं, घाम, धडधड, मळमळ, निद्रानाश सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर मुंग्या दिसतात, अंगावर किडे चालतात, मेलेला बाप दारात उभा दिसतो, ताप चढतो, कुठे आहोत कळत नाही. घरचे म्हणतात "बाहेरचं झालंय" आणि अशा अवस्थेत माणूस भगताकडे नेला जातो. यात मृत्यू येऊ शकतो.

हे घडतं कधी, हेही लक्षात ठेवा. श्रावणाच्या तिसऱ्या दिवशी. नवरात्रात. मांडी मोडून ऑर्थोपेडिक वॉर्डात पडल्यानंतर तिसऱ्या रात्री. दारूबंदीच्या जिल्ह्यात पाहुणा म्हणून गेल्यावर. ऑपरेशनला पाठवताना चिठ्ठीवर दारूचं प्रमाण लिहिलं नाही तर तिसऱ्या रात्री तिथल्या हाउसमनला कळत नाही काय झालं ते.

घरी सोडवता येईल असा पेशंट कोण? पूर्वी कधी आकडी किंवा भ्रम झालेला नाही, मोठा दुसरा आजार नाही, कावीळ-जलोदर नाही, वय फार नाही, आत्महत्येचा विचार नाही, आणि घरात एक जबाबदार शुद्धीतलं माणूस आहे. यातली एक जरी गोष्ट बसत नसेल तर भरती. गरोदर बाईला भरतीच.

घरी करायचं ठरलं तर डायझेपाम हे शांत करणारं औषध पहिल्या दिवशी १० मिलिग्रॅम तीन ते चार वेळा, मग रोज थोडं कमी करत पाच ते सात दिवसांत बंद. लिव्हर खराब किंवा म्हातारा माणूस असेल तर लोराझेपाम, आणि शक्यतो दवाखान्यातच. गोळ्या पेशंटच्या हातात द्यायच्या नाहीत. बायको किंवा भावाकडे, एका वेळी एक-दोन दिवसांच्या. पहिले तीन-चार दिवस रोज बघा: नाडी, कंप, घाम, आणि "आज वार कोणता, हे गाव कोणतं?" प्यायला असेल तर गोळी नाही, हे घरच्यांना दोनदा सांगा. पाच-सात दिवसांनंतर चिठ्ठी वाढवून द्यायची नाही. दारू जाऊन गोळी लागलेले पेशंट सगळ्यांनी पाहिलेत. हे डोस डॉक्टरसाठी आहेत. वाचून मेडिकलमधून आणून घेण्यासाठी नाहीत.

भ्रम झालाय म्हणून नुसतं हॅलोपेरिडॉल किंवा क्लोरप्रोमाझिन टोचू नका, आकडी येण्याचा धोका वाढतो.

आता सलाईन. आपल्याकडे हातपाय गळालेल्या पिणाऱ्याला गल्लीतल्या दवाखान्यात पहिली लागते ती ग्लुकोजची बाटली. त्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा साठा आधीच संपत आलेला असतो. ग्लुकोज गेलं की उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होते. गोंधळलेपण, डोळ्यांच्या हालचाली बिघडणं, चालताना तोल जाणं. काहींची स्मरणशक्ती परत येत नाही. थायमिन १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर. हे इंजेक्शन महाग नाही. ड्रॉवरमध्ये कायम ठेवा.

७. नंतरची औषधं, आणि चहातून दिली जाणारी गोळी

दारू थांबल्यानंतर ओढ कमी करायला नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट देता येतं. नालट्रेक्सोन ट्रॅमाडॉलसारख्या अफूवर्गीय औषधांबरोबर चालत नाही आणि लिव्हर बघून द्यावं लागतं. अकॅम्प्रोसेटला किडनी बघायची. लिव्हर सिरोसिस असेल तर तज्ज्ञ बॅक्लोफेनचा विचार करतात. ही सुरू करताना जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांशी एकदा बोलून घ्यावं, पुढे आपण चालवू शकतो.

डायसल्फिराम वेगळं. यावर असताना प्यायलं तर चेहरा लालबुंद होतो, धडधड, उलट्या, बीपी कोसळतो. भीतीवर चालणारं औषध आहे, आणि ज्याने स्वतः समजून स्वीकारलंय त्याच्याच कामाचं. पण "दारू सोडवण्याचं औषध, पेशंटला न कळता" अशा जाहिराती भिंतींवर रंगवलेल्या दिसतात, आणि कोणीतरी बहीण किंवा आई आपल्यालाही विचारते, "डॉक्टर, चहातून द्यायची पावडर देता का?" देऊ नका. हृदयाचा आजार असलेला माणूस त्यावर प्यायला तर जीव जाईल, आणि त्याला कळलं तर घरातल्या चहावरचाही विश्वास जाईल. आधीच कुठून आणून देत असतील तर रागावू नका. पावडरीचं पाकीट आणायला सांगा आणि बंद करा.

८. बायको, आई, भाऊ

नवऱ्याच्या दारूसाठी आलेली बाई स्वतःच पेशंट असते. तिचा बीपी, झोप, मन विचारा. मार बसतो का, हे एकटीला विचारा. मारहाण असेल तर १८१ हा महिला हेल्पलाइन नंबर आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तिला माहीत हवा. तिने लगेच काही करावं असा आग्रह नको. तिचं गणित तिला जास्त कळतं.

घरच्यांना सांगायच्या गोष्टी दोन-तीनच. प्यायलेल्या माणसाशी वाद नको, बोलणं सकाळी. पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की पोराला पाप लागेल या भीतीने घर आणखी खचतं, म्हणून शपथा घालू नका. आणि त्याच्या सुट्टीची खोटी कारणं साहेबांना तुम्ही सांगू नका, फोन त्याला करू द्या.

९. पुढची तारीख

पहिली भेट एका आठवड्यात, मग पंधरा दिवस, मग महिना, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा. प्रत्येक वेळी कॅलेंडरचा फोटो, बीपी, वजन आणि पाच मिनिटं. केसपेपरवर "मद्यपी" असा शिक्का मारू नका. "आठवड्याला १८ युनिट, ऑडिट १४, ठरलं: फक्त शनिवारी ९० मिली" असं लिहा. पुढच्या महिन्यात दुसरा डॉक्टर बसला असला तरी त्याला धागा सापडतो.

माणूस पुन्हा पितो. लग्नसराईत, दिवाळीला, उसाचं बिल जमा झालं की, घरात मयत झाली की. तेव्हा तो लाजेने ओपीडीलाच यायचं टाळतो, म्हणून पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं: "पुन्हा प्यालात तर त्याच आठवड्यात या. ओरडणार नाही." आणि तो आला की खरंच ओरडायचं नाही. कधी, कोणासोबत, त्याआधी काय झालं एवढं विचारून बेत दुरुस्त करायचा. तीन-चार भेटींनंतरही आकडा हलला नाही, किंवा गुण २० च्या वर आहेत, किंवा सोबत मोठं नैराश्य किंवा दुसरं व्यसन आहे, तर पुढे पाठवा.

पाठवताना नुसती चिठ्ठी देऊ नका, फोन करून तारीख घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. फोनवर टेलि-मानस १४४१६ मराठीतही बोलतं. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ आहे. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठी बैठका अनेक गावांत विनामूल्य भरतात, घरच्यांसाठी अल-अनॉन. एए सगळ्यांना मानवत नाही, पण दोन बैठकांना बसून बघायला काही जात नाही.

खासगी केंद्र सुचवण्याआधी स्वतः एकदा जाऊन या. नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे बघा. "उचलून नेऊ, सहा महिने भेटायचं नाही" म्हणणाऱ्यांकडे पाठवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार पेशंटला साखळीने बांधणं हा कुठल्याही कारणाने न चालणारा प्रकार आहे. केंद्रातून परत आलेला माणूस पहिल्या आठवड्यात तुमच्या ओपीडीत यायला हवा. तो केंद्रातून सुटेल त्या दिवशीच घरच्यांकडून तारीख पक्की करून घ्या, कारण बरीचशी माणसं पुन्हा पितात ती घरी आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच.